पुरचुंडीतलं आभाळ

सोळा वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी एक लेख लिहिला होता. चैत्रगौर बसवण्याआधी तिच्या कोनाड्याला आकाशी रंगाचा हात देण्याची आमच्याकडची रीत पेशवाईपासूनची आहे आणि तो रंग निळीच्या झाडापासून काढलेल्या अस्सल नीळेचा असे, असं त्यात ठासून म्हटलं होतं. लेख लोकांना आवडला. कौतुकाची दोन पत्रं आली. पुढे एका स्मरणिकेनं तो न विचारता छापला आणि त्यावरून आणखी कुणीतरी उचलला. मागच्या वर्षी एका तरुण मुलीनं आपल्या प्रबंधात माझं वाक्य पुरावा म्हणून वापरल्याचं पाहिलं, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. कारण मधल्या काळात मला कळून चुकलं होतं की ते वाक्य जवळजवळ संपूर्ण चूक आहे. मी कुठल्या विद्यापीठाचा माणूस नाही. बाजार समितीत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात मोडी शिकलो. चूक दुरुस्त करायला माझ्याकडे व्यासपीठ नाही, म्हणून या अंकाच्या संपादकांकडे जागा मागितली.

आधी रीत काय होती ते सांगतो. वाईतल्या आमच्या वाड्यात शिमगा झाला की घर काढायला घेत. दसऱ्याला काढत तसंच, पण दसऱ्याचं काढणं म्हणजे धुणी आणि भांडी. शिमग्यानंतरचं काढणं म्हणजे भिंती. यामागे सोयीचा विचार होता. चुना वाळायला कोरडी हवा लागते, आणि वळवाच्या आत काम उरकावं लागतं. कळीचा चुना पिंपात फोडायचा, तो उकळी फुटल्यासारखा खदखदे. आम्हा पोरांना लांब उभं करत. रात्रभर निवला की गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि मूठभर मीठ. घायपाताच्या कुंच्यानं बाहेरच्या भिंती, पडवी, सोपा यांना दोन हात. हे काम पैसे देऊन करून घेत. मात्र माजघरातला गौरीचा कोनाडा आजी स्वतः रंगवत असे. त्यासाठी चुना वेगळ्या बादलीत काढायचा, आणि त्यात नीळेची पुरचुंडी फिरवायची. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली ती पुरचुंडी बादलीत दोन-चार वळसे घेई आणि पांढऱ्यात निळ्या रेघा सुटत. ओला हात भिंतीवर पडला की रंग गडद दिसे. मला दरवर्षी वाटे, यंदा आजीचं प्रमाण चुकलं. दुपारपर्यंत तो वाळून असा काही फिका होई, की कोनाड्याला मागची भिंतच उरली नाही असं वाटावं.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसे. अंगणात चैत्रांगण: सूर्य, चंद्र, शंख, कमळ, कासव, गोपद्मं, फणी, आरसा, आणि मधोमध झोपाळ्यातल्या दोन गौरी. महिनाभर, अक्षय्य तृतीयेपर्यंत, ते रोज नव्यानं रेखायचं. हळदीकुंकवाच्या दिवशी आरास, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. आरास करताना कोनाड्याच्या खालच्या अर्ध्या भागात आजीची काळीनिळी चंद्रकळा चुण्या घालून लावत आणि तिच्यावर बेगडाच्या टिकल्या. वर दिवसाचं आभाळ, खाली रात्रीचं. असं का, म्हणून विचारलं तर आजी म्हणे, "गौर महिनाभर माहेराला आलेली असते. झोका उंच गेला की तिला मागं आभाळ दिसायला नको?" ही रीत कधीपासूनची, यालाही तिचं उत्तर ठरलेलं होतं: "असेल पेशवाईपासूनची."

त्या 'असेल'कडे मी लक्ष दिलं नाही. इथेच पहिली चूक झाली.

दुसरी चूक जास्त विद्वत्तेची होती. मोडी वाचता येऊ लागल्यावर मी घरातलीच जुनी रुमालं सोडली. त्यांतल्या एका जमाखर्चात 'नीळ' असा शब्द सापडला. मेणवली आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. पेशवाईत भिंतींवर रंग होते, आमच्या कागदांत नीळ होती, आजी म्हणत होती पेशवाई. तीन दोऱ्या मी एकत्र वळल्या आणि दोर तयार झाला असं समजलो. जमाखर्चातल्या त्या ओळीच्या शेजारी काय लिहिलं आहे, हे पुन्हा पाहायला मला आठ वर्षं लागली. शेजारी होतं: रंगारी, आणि लुगडं.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत दख्खनच्या जिल्ह्यांमध्ये 'निराळी' ही जात येते. नीळेत कापड रंगवणं हा तिचा धंदा. नीळ ही चीज पाण्यात विरघळत नाही. तिला कुंडात आंबवावं लागतं. आंबल्यावर ती पिवळट-हिरवी होऊन सुतात शिरते आणि कापड बाहेर काढलं की हवा लागून निळी होते. काळ्याच्या जवळ जाणारी चंद्रकळा हवी तर कापड पुन्हा पुन्हा बुडवायचं. हे सगळं शास्त्र सुताचं आहे. भिंतीला नीळ लावायची तर ती नुसती भुकटी म्हणून चुन्यात कालवावी लागेल, आणि एवढ्या मेहनतीची, परगावी विकली जाणारी वस्तू बादलीत ढवळून दरसाल भिंतीवर फासणारा गृहस्थ आमच्या घराण्यात तरी झाला नसावा. कागद पाहता आमचे पूर्वज दिव्याचं तेलसुद्धा मोजत. शिवाय आणखी एक अडचण होती, तिच्याकडे मी सोयीनं डोळेझाक केली होती. स्मृतिग्रंथांनी नीळेत रंगवलेलं वस्त्र धर्मकृत्याला निषिद्ध मानलं आहे. चंद्रकळा नेसायला आणि आरास करायला चालत असेल, पण सोवळ्याओवळ्याचा एवढा बाऊ करणाऱ्या घरानं देवीच्या कोनाड्याला शतकभर नीळ फासली, हे पटण्यासारखं नव्हतं.

मग आजीच्या पुरचुंडीत काय होतं?

उत्तर वाडा पाडायच्या वेळी मिळालं. २०१९ साली भाऊबंदांनी एकदाची सही केली आणि इमारतवाल्यानं आम्हाला सामान हलवायला महिना दिला. मी कोनाड्याच्या कडेचे पोपडे दाढीच्या पात्यानं काढून काड्यापेट्यांत भरले. फरशी धुण्याचं आम्ल कुठल्याही दुकानात मिळतं. एका निळ्या पोपड्यावर त्याचे दोन थेंब टाकले. फेस आला; तो चुन्याचा, अपेक्षितच होता. पण फेसाबरोबर निळा रंगही गेला, अगदी पाटी पुसावी तसा, आणि नाकाला सडक्या अंड्याचा वास आला. झाडापासूनची नीळ अशा आम्लाला दाद देत नाही. एकोणिसाव्या शतकात आलेला दुसरा निळा, प्रशियन निळा, चुन्यातच टिकत नाही. क्षारानं तो तपकिरी पडतो. आम्लात विरून गंधकाचा वास सोडणारा आणि चुन्यात वर्षानुवर्षं टिकणारा निळा एकच: कपड्यांच्या नीळेच्या पुडीतला, अल्ट्रामरीन.

त्या वासानं माझा लेख संपला आणि दुसरी गोष्ट सुरू झाली. खरं सांगायचं तर ती पेशवाईपेक्षा मोठी निघाली.

अल्ट्रामरीन म्हणजे समुद्रापलीकडून आलेला. हे नाव युरोपचं. त्यांच्या दृष्टीनं हा रंग समुद्र ओलांडून येई. प्रत्यक्षात तो येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून, राजावर्त नावाच्या दगडाच्या रूपानं. आपल्याला मात्र तो खुष्कीच्या वाटेनं मिळत होता. अजिंठ्याच्या जुन्या, सातवाहनकाळच्या लेण्यांतल्या चित्रांत निळा रंग सापडत नाही. पाचव्या शतकातल्या वाकाटककालीन चित्रांत तो येतो, आणि तो राजावर्ताचा आहे. अजिंठ्याचे बाकीचे रंग गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुना असे आसपासचे. हा एकटा परदेशी पाहुणा. महाराष्ट्रातल्या भिंतीवरचा सर्वांत जुना निळा म्हणून आपल्याला जो ठाऊक आहे, तो असा हजार कोसांवरून आला. तो सामान्य घरात पोचणं शक्यच नव्हतं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात चित्रकाराला सांगितलं आहे की आकाश दाखवावं ते रंगाविना, पक्ष्यांनी भरलेलं. अभ्यासक याचे वेगवेगळे अर्थ लावतात. माझ्या कारकुनी डोक्याला त्यात काटकसरही दिसते: जो रंग एवढा महाग, तो आभाळासारख्या अफाट वस्तूवर कोण उधळणार?

युरोपातही दुखणं तेच होतं. १८२४ साली फ्रान्समधल्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेनं जाहीर केलं की हा रंग जो कृत्रिम रीतीनं आणि स्वस्तात करून दाखवील त्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस. तो करता येईल अशी शंका यायला एक मजेदार कारण होतं. चुन्याच्या आणि सोड्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर कधीकधी निळी पुटं जमलेली दिसत. जर्मन कवी गटे १७८७ मध्ये सिसिलीत पालेर्मोला गेला असताना चुन्याच्या भट्टीतली अशी पुटं त्यानं पाहिली आणि तिथले लोक ती राजावर्ताच्या जागी शोभेला वापरतात हेही टिपून ठेवलं. चुना आणि आभाळ यांचं सूत असं आधीच जमलेलं होतं. आजीच्या बादलीत ते पहिल्यांदा भेटले नाहीत.

बक्षीस मिळालं झाँ-बाप्तिस्त गीमे याला, १८२८ मध्ये. कृती त्यानं दोन वर्षं आधी शोधली होती. त्याच वर्षी जर्मनीत ट्यूबिंगेनच्या क्रिस्टियान ग्मेलिननंही आपली कृती प्रसिद्ध केली, आणि शोध आधी कुणाचा यावर पुढे रीतसर भांडण झालं. गीमेची बायको चित्रकार होती. कृती ऐकून कुणालाही वाटेल की यात विशेष ते काय: चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा, बंद भट्टीत भाजायचे. दर्जेदार बनावट रंग म्हणून आपण ज्याला नाक मुरडू, तो हा नव्हे. त्याचा कण आतून राजावर्ताच्या निळ्या खनिजासारखाच रचलेला असतो. गंधकाच्या अणूंची त्रिकुटं जाळीत अडकून बसलेली असतात आणि निळेपणा त्यांचाच असतो. आम्लानं जाळी मोडली की निळा जातो आणि गंधकाचा वास सुटतो. याचा अर्थ असा की अजिंठ्याच्या भिंतीवरचा निळा आणि आमच्या कोनाड्यातला निळा हे रसायनानं सख्खे भाऊ आहेत. एक डोंगरात जन्मला, एक भट्टीत. (गीमेनं या रंगावर अमाप पैसा केला. त्याच्या मुलानं, एमिलनं, त्या पैशातून जपान, चीन, हिंदुस्थान पालथे घातले आणि आशियाई कलेचं संग्रहालय उभं केलं. पॅरिसचं ते म्युझे गीमे. आपल्याकडच्या मूर्ती पाहायला लोक तिथे जातात.)

चित्रकारांना पुरून उरेल एवढा रंग भट्ट्यांतून निघू लागल्यावर तो कागदात गेला, साखरेत गेला आणि मुख्य म्हणजे धुण्यात गेला. पिवळट पडलेल्या कापडाला किंचित निळी झाक दिली की डोळा फसतो आणि कापड पांढरं वाटतं. इंग्लंडातल्या हल शहरातल्या रेकिट कंपनीनं १८५०च्या दशकात कपड्यांच्या नीळेचा धंदा सुरू केला आणि साम्राज्यभर वड्या-पुड्या पोचवल्या. मराठीत या पुडीला वेगळं नाव पडलं नाही. निळं करणाऱ्या वस्तूला आपल्याकडे नीळ म्हणत होतेच. तोच शब्द पुडीवर बसला. झाडाची नीळ पुढे बाजारातून हटली. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि वीसेक वर्षांत निळीचे मळे ओस पडत गेले. शब्द तिथेच राहिला, खालचा माल दोनदा बदलला. जुन्या कागदात 'नीळ' वाचून भिंत रंगवणारा मी एकटाच नसेन.

१८९७ सालाचा उल्लेख आला आहे तर चुन्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्या वसंतात चुन्याचा अर्थच बदलला होता. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरांत घातल्या. घर तपासायचं, माणसं बाहेर काढायची, सामान जाळायचं किंवा उन्हात टाकायचं, आणि भिंतींना चुना मारायचा. चुना मारणं वैद्यकाला धरून होतं. उंदीर-पिसवांचं नातं तेव्हा नीट कळलेलं नसलं तरी चुन्यानं भिंत निर्जंतुक होते हे ठाऊक होतं. पण त्या वर्षीचा पाडवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ऐन या मोहिमेत आला. ज्या दिवसांत घरची बाई आपल्या हातानं भिंतीला चुना लावते, त्याच दिवसांत बूट घातलेला परका माणूस देवघरात शिरून चुना मारत होता. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, त्याची कारणं इतिहासकारांनी भरपूर लिहिली आहेत. पांढऱ्या भिंतीकडे पाहून त्यानंतर कित्येक वर्षं बायकांना काय वाटत असेल, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता परत आमच्या कोनाड्याकडे येतो. पुडीतली नीळ म्हणजे पेशवाई बाद. मग रीत नेमकी केव्हाची? इथे विजेनं मदत केली. गौरीपुढे दिवा लागावा म्हणून कोनाड्याच्या कडेनं तारेची लाकडी पट्टी बसवली होती. ती बसवल्याची मिस्त्रीची पावती घरात होती, १९३८ची. पट्टी खिळ्यांनी घट्ट ठोकलेली, तेव्हा तिच्यामागे पुढच्या वर्षांचा चुना शिरलेला नव्हता. मी ती उचकटली आणि खालचा पोपडा कडेनं तासून उन्हात भिंगाखाली धरला. चुन्याचे थर झाडाच्या वलयांसारखे मोजता येतात, कारण दोन थरांमध्ये वर्षभराची काजळी बारीक काळी रेघ ओढून ठेवते. वरून निळे थर अकरा. शेजारी दुसऱ्या जागी मोजले तर दहा; एखाद्या वर्षी सुतक असेल, हात चुकला असेल. त्याखाली सगळे पांढरे, एकामागून एक, आणि त्यांत खाली एक जाड, भरड, घाईनं मारल्यासारखा थर. तो प्लेगचा आहे असं म्हणायचा मोह होतो. पण मोहापायी एकदा तोंड पोळलं आहे.

१९३८ मधून अकरा वजा केले की १९२७ येतं.

आजी लग्न होऊन आमच्या घरी आली ती १९२६च्या उन्हाळ्यात. सोळा वर्षांची होती. माहेर गिरगावातल्या चाळीतलं.

मी त्या रात्री आजोबांच्या वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या पुन्हा काढल्या. दरवर्षी फाल्गुन वद्यात तीच ओळ: चुना, कुंचा, डिंक. नीळ असली तर परटाच्या खात्याला. शके १८४८च्या फाल्गुनात, म्हणजे १९२७च्या मार्चअखेर, पहिल्यांदा चुन्याच्या ओळीत आणखी दोन शब्द येतात: नीळ, पुडे दोन. मोडीतलं अक्षर पणजोबांचं, नेहमीसारखं तुटक. त्यानंतर दरवर्षी ते दोन शब्द येतात. एका वर्षी येत नाहीत. ते कदाचित माझ्या दहा आणि अकराच्या मधलं वर्ष असावं.

म्हणजे रीत आजीनंच आणली होती. मुंबईच्या चाळीतली एक मुलगी पहिल्या चैत्रात सासरच्या काळोख्या माजघरात गौर मांडायला बसली आणि तिनं धुण्याची पुडी चुन्यात सोडली. तिला कुणी विचारलं असेल, हे काय नवीन? आणि तिनं तेव्हाच ते उत्तर दिलं असेल, जे पन्नास वर्षांनी मला दिलं. नव्या सुनेला घरात नवी गोष्ट आणायची तर ती जुनी आहे असंच म्हणावं लागे. स्वतःच्या नावावर मांडलेला बेत सासूच्या एका नजरेत मोडतो, पेशव्यांच्या नावावर मांडला तर टिकतो. हा माझा तर्क आहे. पण बारा-तेरा वर्षं तिच्या हाताखाली बादली धरलेल्या नातवाचा तर्क आहे, एवढी सूट मला मिळावी. ती १९८५ मध्ये गेली. तिच्या हयातीत आणि तिच्यानंतरही मी तिचं श्रेय शनिवारवाड्यावर नेऊन वाहत होतो.

हे सगळं मी शाळेपासूनच्या माझ्या एका मित्राला सांगितलं. तो शिक्षक होता, निवृत्त झाला आहे. गावाबाहेरच्या, पूर्वी महारवाडा म्हणत त्या वस्तीत त्याचं घर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या पहिल्या लेखात आम्ही नव्हतो. दुसऱ्यातही नाही वाटतं." मला कळेना. मग तो म्हणाला, "तुमच्याकडं एक कोनाडा निळा. आमच्याकडं अख्खं घर निळं होतं. आणि तुमच्या बाहेरच्या भिंतींना चुना कोण लावत होतं?"

त्याची आजी लावत होती. पैसे देऊन करून घेत, असं मी वर लिहिलं ते काम तिचं. पडवीपर्यंत तिचा कुंचा, आत आजीचा. ती दोन घरं सोडून माझ्या आजीसारखीच त्याच वाण्याकडून नीळ घेई. मित्राला आठवतं तेव्हापासून, म्हणजे १९७०च्या आसपास, चौदा एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात वस्तीतल्या बायका घरं निळ्या चुन्यानं सारख्या रंगवून काढत. १९४२ साली नागपुरात स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा. तो पुढे चळवळीचा रंग झाला. निळाच का, याला वस्तीत त्याच्या आईनं दिलेलं उत्तर होतं: आभाळाखाली कुणी वर नाही, कुणी खाली नाही. हे उत्तर आज महाराष्ट्रभर ऐकायला मिळतं. जयंतीच्या दिवशी निळ्या भिंती, दारावर निळे कागदी झेंडे, उंबऱ्याशी रांगोळी, संध्याकाळी मेणबत्त्या. चैत्रगौरीचा महिना आणि हे दिवस बहुतेक वर्षी एकमेकांत मिसळलेले असतात. दोन आळ्या, एकच हंगाम, एकाच वाण्याची पुडी. मी सोळा वर्षांत तिकडे एकदाही पाहिलं नव्हतं, आणि सोवळ्याच्या निषेधाबद्दल मोठ्या तोऱ्यात लिहीत होतो.

त्याच्या घराच्या मागच्या भिंतीचा पोपडाही आम्ही तासला. त्याच्या अंगणात, त्याच्याच खुर्चीवर बसून. थर मोजता आले नाहीत. माती-विटांची जुनी भिंत एका पुरात गेली होती आणि नवी बांधली तेव्हापासूनचेच थर होते. पण आम्लाचे थेंब टाकले तेव्हा वास तोच आला. मित्राच्या सुनेनं नाक दाबत दार लावून घेतलं.

दोन्हीकडचा निळा चुना आता गेला. त्याचं लग्न आधी डिस्टेंपरनं मोडलं, मग प्लास्टिकच्या रंगांनी. धुण्याच्या नीळेचीही तीच गत: पुड्या जाऊन बाटल्यांतली द्रवरूप नीळ आली, तिच्यात हे भट्टीतलं खनिज नसतंच, वेगळा जांभळट रंग असतो. तो चुन्यात घालून पाहिला. भिंत रुसल्यासारखी दिसते. आकाशी रंग कॅटलॉगात आजही आहे, त्याच्या तीस छटा आहेत. माझ्या पुतणीनं मागच्या चैत्रात फ्लॅटच्या दिवाणखान्यात गौर मांडली ती फिकट निळ्या भिंतीपुढे, वरून कापसाचे ढग आणि कागदाचे पक्षी टांगून. छान दिसत होतं. पक्षी पाहून मला चित्रसूत्र आठवलं, पण सांगितलं नाही. आमच्या घरात माझ्या ज्ञानाला सणाच्या दिवशी बंदी आहे.

मला मात्र आजीचाच हात हवा होता. जुन्या प्रकारची पुडी साताऱ्यात एका दुकानात मागच्या फळीवर मिळाली, कळीचा चुना पानवाल्यांना पुरवणाऱ्याकडे. बादलीत पुरचुंडी फिरवली, कोनाडा म्हणून पुतणीनं दिलेल्या भिंतीच्या चौकोनावर दोन हात मारले. आठ दिवसांत सगळं पापुद्र्यांनी खाली आलं. प्लास्टिकच्या रंगावर चुना धरत नाही. त्याला श्वास घेणारी भिंत लागते, हे मला माहीत असायला हवं होतं. पुतणीनं झाडून घेतलं आणि काही बोलली नाही.

मग मित्रानं युक्ती सुचवली. त्याच्या अंगणात शहाबादी फरशीचा एक तुकडा पडून होता, मागची बाजू खरबरीत. शहाबाद म्हणजे चुनखडीच. भाजला असता तर त्याचाच चुना झाला असता. त्या बाजूनं ती भिजवून आम्ही दोघांनी हात दिला. एक मी, एक त्यानं. आधी गडद दिसलं. तो म्हणाला, जास्त झाली नीळ. मी म्हटलं, दुपारपर्यंत थांब.

फरशी आता पुतणीकडे आहे. चैत्रात गौरीच्या मागे उभी करतात, मग ती मित्राकडे जाते आणि चौदा तारखेला त्याच्या ओट्यावर तसबिरीमागे असते. यंदा नेताना एक कोपरा फुटला. तुकडा माझ्या काड्यापेटीत आहे.